युरोपात चालत नाही ते हिंजवडीत कसं काय चालतं?

२०२२ साली नेदरलँड्समधल्या एका कोर्टाने दिलेला निकाल आपल्याकडच्या आयटीवाल्यांनी एकदा तरी वाचायला हवा. चेटू नावाची फ्लोरिडाची सॉफ्टवेअर कंपनी, तिचा एक माणूस नेदरलँड्समध्ये घरून काम करायचा. कंपनीने त्याला सांगितलं की आता तुझं ट्रेनिंग आहे, दिवसभर लॉगिन राहायचं, स्क्रीन शेअर ठेवायची आणि वर कॅमेराही चालू ठेवायचा. तो म्हणाला स्क्रीन बघताय ना तुम्ही, मग नऊ-नऊ तास माझ्या तोंडावर कॅमेरा कशाला, मला ते बरं वाटत नाही. थोड्याच दिवसांत कामावरून काढला, कारण काय तर कामाला नकार दिला आणि सांगितलेलं ऐकलं नाही. कोर्टाने कंपनीलाच झापलं. ही त्याच्या खाजगी आयुष्यात ढवळाढवळ आहे, मानवी हक्कांच्या युरोपियन कराराच्या आठव्या कलमात बसत नाही, काढणं बेकायदेशीर, आणि भरपाई, थकलेले पैसे असं सगळं मिळून साधारण ७५ हजार युरो द्यायला लावले.

आता हाच माणूस वाकडमधल्या टू बीएचकेत बसलाय असं समजा. कॅमेरा लावत नाही म्हणाला. पुढे काय होईल हे सांगायला वकील लागत नाही. आधी मॅनेजरचा फोन, मग एचआरचा "जस्ट अ कनेक्ट", मग परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन नावाचं ते प्रकरण, आणि शेवटी स्वतःहून राजीनामा टाक म्हणजे रिलीव्हिंग लेटर नीट देतो. कोर्टात जायचा विचारही त्याच्या डोक्यात येणार नाही कारण होम लोनचा हप्ता पाच तारखेला जातो. आणि समजा गेलाच कोर्टात, तर नेमकं कुठल्या कलमाखाली जाणार हेही मोठं कोडंच आहे, त्याकडे येतोच पुढे.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रायव्हसी ही आपल्याकडे हक्क म्हणून कागदावर आली खरी, पण नोकरदाराला ती किती मिळते हे तो काँट्रॅक्टच्या कुठल्या बाजूला बसलाय त्यावर ठरतं. काम देणारा क्लायंट युरोपात, त्याच्या स्वतःच्या माणसाला कायद्याचं कवच. तेच काम करणारा व्हेंडरचा, म्हणजे कंत्राट घेणाऱ्या कंपनीचा माणूस पुण्यात, त्याला काही नाही. दोघं एकाच कॉलवर असतात, एकाच तिकिटावर, म्हणजे सिस्टीममध्ये नोंदवलेल्या एकाच कामावर असतात, आणि एकाच्या घरात कंपनीला डोकवायला मनाई आहे तर दुसऱ्याच्या घरात ते "प्रोसेस" म्हणून चालतं.

बरं, घरून काम करणाऱ्यावर नजर ठेवणारं हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय? बरेच जण समजतात की बॉस बसून लाईव्ह बघतो. तसं क्वचितच असतं, बॉसला तेवढा वेळ कुठे. मागे एक छोटासा प्रोग्रॅम चालू असतो, तो कीबोर्ड-माउस हलतोय का बघतो, समोर कुठलं ॲप्लिकेशन उघडं आहे ते नोंदवतो, कुठली वेबसाइट किती वेळ, काही ठिकाणी दर थोड्या मिनिटांनी स्क्रीनशॉट. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बातम्या आल्या होत्या की कॉग्निझंटमध्ये काही जणांना प्रोहान्स नावाच्या टूलचं ट्रेनिंग दिलं जातंय, पाच मिनिटं माउस-कीबोर्डला हात लागला नाही की आयडल, पंधरा मिनिटं लॅपटॉप तसाच पडला तर सिस्टीमपासून दूर. कंपनीचं म्हणणं होतं की हे प्रोसेस समजून घेण्यासाठी आहे, कुणाचं वैयक्तिक मूल्यमापन करायला नाही. असेलही तसं. पण एकदा आकडा तयार झाला की तो गप्प बसत नाही, आज प्रोसेससाठी घेतलेला आकडा उद्या अप्रेझलच्या मीटिंगमध्ये कुणीतरी एक्सेलमध्ये चिकटवतोच. ज्याने कुठल्याही कॉर्पोरेटमध्ये एक बेल कर्व्ह (ठरावीक लोकांना कमी रेटिंग द्यायचंच, हा हिशेब) बघितलाय त्याला हे समजावून सांगायला नको.

आणि त्या पाच मिनिटांचा अर्थ काय लावायचा? कोड लिहिणारा माणूस खरं काम करतो तेव्हा बऱ्याचदा त्याचे हात मांडीवर असतात आणि नजर भिंतीवर. प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीममध्ये काहीतरी फुटलंय, लॉग वाचतोय, कागदावर बाण काढतोय, क्लायंटशी मोबाइलवर बोलतोय, बिल्ड व्हायची वाट बघतोय, हे सगळं त्या टूलच्या दृष्टीने रिकामटेकडेपण. उलट एखादा दिवसभर मेलला "नोटेड, थँक्स" करत बसला तर त्याचा स्कोअर एकदम फर्स्टक्लास. म्हणजे विचार करणारा आळशी आणि टकटक करणारा कष्टाळू. हे टूल कामाचं मोजमाप करतच नाही हो, ते हालचालीचं मोजमाप करतं, आणि हालचाल म्हणजे काम हा समज गिरणीत एक वेळ ठीक होता.

गिरणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण या विषयावर बोलताना लोक पटकन म्हणतात की पूर्वी बरं होतं, भोंगा वाजला की माणूस सुटला, घरी गेला की साहेबाचा संबंध नाही. गिरणगावात तसं अजिबात नव्हतं. कामावर घेणारा, कामावरून काढणारा, खात्यावर देखरेख ठेवणारा जॉबर अनेकदा कामगारांच्याच वस्तीत राहायचा, कुणाला खोली मिळवून दे, कुणाला उसने पैसे दे, यातून त्याचा दबदबा चाळीपर्यंत पोचायचा. म्हणजे मालकाचा माणूस घरापर्यंत येणं हे काही लॅपटॉपने आणलेलं नाही. फरक असा की जॉबरला लाज, भीड, गावकी, नातं असलं काहीतरी लागू पडायचं, त्याला सणावाराला समोर तोंड दाखवावं लागायचं आणि फारच माजला तर लोक एकत्र येऊन त्याच्या विरोधात उभेही राहायचे. लॅपटॉपमधल्या जॉबरशी भांडायचं कुणाशी? मॅनेजर म्हणतो आयटी टीमला विचार, आयटी टीम म्हणते पॉलिसी एचआरची, एचआर म्हणतं क्लायंटची रिक्वायरमेंट आहे.

आणि घर म्हणजे कुणाचं घर? ही चर्चा इंग्रजीत वाचली की डोळ्यासमोर एक वेगळी खोली येते, पांढरी भिंत, मागे रोपटं. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये चार माणसं राहतात, त्यात दोघं वर्क फ्रॉम होम, एक शाळेत जाणारं पोर आणि एक आजी. कॅमेरा चालू ठेवा म्हणजे फक्त कर्मचारी दिसत नाही, आजी अंघोळीहून येताना दिसते, भांडण ऐकू जातं, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं दिसतात. त्या आजीने कुठल्या ऑफर लेटरवर सही केली होती? काही टूल्समध्ये असं असतं की दुसरा चेहरा फ्रेममध्ये आला की ती सिक्युरिटीची घटना म्हणून नोंदवली जाते. क्रेडिट कार्डाचे नंबर हाताळणाऱ्या प्रोसेसमध्ये यामागचं कारण समजतं मला, पण सासूबाई मागून चहाचा कप ठेवायला आल्या की सुनेच्या नावावर एक व्हायोलेशन, ही कल्पना ज्या कुणी काढली तो भारतीय घरात राहिलेला नसणार. बायकांना तर हे दुप्पट जाचतं. बाळाला दूध पाजायला उठली, आयडल. गुरुवारी लाईट गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला, ऑफलाइन. आणि मग त्याची भरपाई म्हणून रात्री दहाला पुन्हा लॉगिन, ते मात्र कुणी जास्तीचं काम म्हणून मोजत नाही.

टेलिपरफॉर्मन्स ही जगातल्या सगळ्यात मोठ्या कॉल सेंटर कंपन्यांपैकी एक. २०२१ मध्ये बाहेर आलं की घरून काम करणाऱ्यांच्या घरी वेबकॅमने तपासणी करायची तिची योजना होती, आणि कोलंबियातल्या कामगारांना तर घरात कॅमेरे बसवायला परवानगी देणाऱ्या करारावर सह्या करायला सांगितलं गेलं होतं. लक्षात घ्या, कोलंबिया. अशी गोष्ट कुठल्या देशातल्या लोकांच्या पुढ्यात आधी सरकवली जाते ते बघा.

यात पुण्याचं एक वेगळंच नातं आहे, ते फार कुणी बोलत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत लंडनमध्ये बार्कलेज बँकेने मुख्यालयातल्या काही लोकांच्या कॉम्प्युटरवर एक टूल टाकलं. कोण किती वेळ "इन द झोन" होता ते सांगायचं, कमी पडलात की सूचना यायच्या की ब्रेक कमी घ्या, फोन बंद ठेवा वगैरे. लोक खवळले, पेपरात छापून आलं आणि बँकेने काही दिवसांत एकेका माणसाचा डेटा बघणं बंद केलं, वर तिकडच्या डेटा संरक्षण नियामकाने चौकशी लावली ती वेगळीच. ते टूल होतं सेपियन्सचं, आणि सेपियन्स ॲनालिटिक्स ही मूळची आपल्या पुण्यात सुरू झालेली कंपनी. कंपनी काढणाऱ्यांना मी नावं ठेवत नाहीये, मराठी माणसाने प्रॉडक्ट कंपनी काढून जगात विकली याचं कौतुकच आहे. पण पुण्यात जन्मलेली वस्तू लंडनच्या माणसाने आठवडाभरात परत पाठवली आणि पुण्याच्या माणसाला ती परत पाठवायची सोयच नाही, हे टोचतं.

मग कंपन्या हे करतात का? मॅनेजर लोक दुष्ट असतात म्हणून नाही. आपला आयटी आणि बीपीओचा धंदा मोठ्या प्रमाणात तास विकण्यावर उभा आहे. माणसाचे तास, ते बिलेबल, त्याची टाइमशीट, ती क्लायंटने ॲप्रूव्ह केली की पैसे. जो धंदा तास विकतो तो तासांचा पुरावा मागणारच. क्लायंट म्हणतो मी आठ तासांचे पैसे देतोय, तुमचा माणूस घरी बसलाय, कशावरून आठ तास झाले? व्हेंडरला काँट्रॅक्ट टिकवायचंय, तो म्हणतो हे घ्या रिपोर्ट. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सरकारने ओएसपीचे, म्हणजे बीपीओंना लागू असलेले दूरसंचार खात्याचे नियम सैल केले आणि बीपीओवाल्यांना घरून काम करणं कायद्याने सोपं झालं, ते चांगलंच झालं, पण ऑफिसच्या फ्लोअरवरचा सुपरवायझर घरी कसा न्यायचा याचं उत्तर बाजाराने सॉफ्टवेअरमध्ये शोधलं आणि कुणी काही विचारलं नाही. म्हणून मला वाटतं की नुसतं "ट्रस्ट युवर एम्प्लॉईज" असली लिंक्डइनछाप भाषणं करून काही होणार नाही. जोवर तास विकताय तोवर हे राहणार, प्रश्न त्याला मर्यादा कुठे घालायची हा आहे.

मॅनेजरची भीतीही खरी असते, ती हसण्यावारी नेऊ नये. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ११ देशांतल्या २० हजार लोकांची पाहणी छापली होती, त्यात ८७ टक्के कर्मचारी म्हणाले आम्ही नीट काम करतोय आणि ८५ टक्के साहेब म्हणाले हायब्रिडमुळे लोक काम करतायत याची खात्री वाटणं अवघड झालंय. गंमत म्हणजे हीच मायक्रोसॉफ्ट, २०२० मध्ये प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर नावाचं फीचर घेऊन आली होती, त्यात साहेबाला एकेका माणसाच्या नावानिशी तो मेल, चॅट, टीम्स किती वापरतो ते दिसायचं. एवढी टीका झाली की त्यांनी नावं काढून टाकली.

भीतीवर उपाय म्हणून यंत्र आणलं की समोरचाही यंत्र आणतो. माउस जिगलर नावाची वस्तू ऑनलाइन सहज मिळते, माउस आपोआप हलवत राहते. ज्यांना पैसे घालवायचे नाहीत ते काट्याचं घड्याळ ऑप्टिकल माउसच्या खाली ठेवतात, सेकंद काटा फिरला की कर्सर हलतो, काय डोकं आहे! २०२४ मध्ये अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेने डझनभराहून जास्त लोकांना काढलं, कीबोर्ड चालू असल्याचं खोटं भासवलं म्हणून. फसवणूक ती फसवणूकच, त्यांची बाजू घ्यायची नाहीये मला. पण बँकेला जर माणूस काम करतोय की घड्याळ करतंय हे कामाच्या निकालावरून कळत नसेल आणि फक्त माउसवरून कळत असेल, तर त्या जागेवर नेमकं काम काय होतं हाही प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

आता दुसरी बाजू. माझ्या ओळखीत एक जण छोटी डिझाइन फर्म चालवतो, बारा-पंधरा माणसं, सगळी घरून. तो म्हणतो तुम्हाला बोलायला काय जातंय, मला एका पोराने तीन महिने टाइमशीट भरून दिली आणि काम शून्य, पगार माझ्या खिशातून गेला. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये २०२३ ला असाच निकाल लागला, एका अकाउंटंट बाईंनी टाइमशीटमध्ये टाकलेले पन्नासएक तास आणि टाइमकॅम्प नावाच्या टूलमधली नोंद जुळेना, त्यांनीच कंपनीवर दावा लावला होता पण उलट त्यांनाच पैसे परत द्यावे लागले. त्यात एक बारकावा आहे, टूल कामाच्या लॅपटॉपवर होतं, ते आहे हे त्यांना माहीत होतं, आणि फायली उघडल्या का, किती वेळ, हे त्या नोंदीत होतं. घरात कॅमेरा नव्हता. आपल्याकडे मूनलाइटिंगचं, म्हणजे एक नोकरी चालू असताना गुपचूप दुसरीकडे काम करण्याचं प्रकरण आठवत असेल, विप्रोने २०२२ मध्ये ३०० जणांना काढल्याचं रिशद प्रेमजींनी जाहीर सांगितलं होतं. प्रतिस्पर्धी कंपनीचं काम आपल्या पगारात चालू असेल तर मालकाने गप्प बसावं असं कुणीच म्हणणार नाही.

तेव्हा मी नजर नकोच असं म्हणत नाही. कंपनीचा डेटा बाहेर कुठे चाललाय, पेन ड्राइव्हवर काय कॉपी होतंय, क्लायंटच्या सर्व्हरवर रात्री तीनला कुठून लॉगिन झालं, हे बघायलाच हवं, बँकेचं काम करणाऱ्याने तर बघितलंच पाहिजे. ही नजर वस्तूवर आहे. डेटाला प्रायव्हसी नसते, त्याच्यावर ठेवा पहारा. पण तीच नजर उचलून माणसाच्या चेहऱ्यावर, त्याच्या उठण्याबसण्यावर, त्याच्या बाथरूमच्या वेळांवर नेली की विषय बदलला. सिक्युरिटीच्या नावाने पहिली आणतात आणि तिच्या पाठोपाठ दुसरी हळूच आत शिरते, आणि पॉलिसीच्या कागदात दोन्हींना एकच वाक्य असतं, "कंपनीच्या साधनांवर प्रायव्हसीची अपेक्षा ठेवू नये".

कायद्याकडे येऊ. २४ ऑगस्ट २०१७, पुट्टास्वामी खटला, सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे, कलम २१. त्यावर गदा आणायची असेल तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय प्रमाणात हवा. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध वापरता येतो, खाजगी कंपनीविरुद्ध साधा कायदा लागतो. तो आला २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. आणि त्यात नोकरदाराचं काय केलंय? कलम ७ मध्ये काही कामांसाठी संमती लागतच नाही अशी यादी आहे, त्यात "रोजगाराच्या कारणांसाठी" आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी, औद्योगिक हेरगिरी रोखणं, ट्रेड सिक्रेट जपणं वगैरे. आता रोजगाराचं कारण म्हणजे काय, तर काहीही. स्क्रीनशॉट घेणं रोजगाराचं कारण, कॅमेरा रोजगाराचं कारण, तुम्ही किती वेळा उठलात तेही रोजगाराचंच कारण.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे आणि ती वकील सोडून फारशी कुणी वाचलेली नाही. कलम ११ सांगतं की माझा कुठला डेटा तुमच्याकडे आहे ते मला दाखवा असं मागायचा हक्क कुणाला, तर ज्याने संमती दिली त्याला. दुरुस्ती आणि पुसून टाकण्याचा हक्क, कलम १२, तोही संमती देणाऱ्याला. नोकरदाराचा डेटा तर संमतीशिवायच घेतलाय, म्हणजे त्याला बघायचाही हक्क या कलमांखाली मिळत नाही! ज्याला विचारलंच नाही त्याला दाखवायचंही नाही. तुमच्या नावावर ६२ टक्के ॲक्टिव्ह असं लिहिलंय, ते चुकीचं आहे, त्या दिवशी तुम्ही क्लायंटच्या मशीनवर रिमोट लॉगिन करून बसला होता म्हणून या लॅपटॉपवर हालचाल दिसली नाही, हे सिद्ध करायला तुम्हाला मूळ नोंदच मिळणार नाही. तक्रार करता येते, कलम १३ आहे, पण काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय तक्रार तरी कशाची करायची. आणि कंपनीला दंड झालाच, तो २५० कोटींपर्यंत होऊ शकतो असं मोठ्या अक्षरात छापतात, तर तो पैसा सरकारच्या तिजोरीत जातो. ज्याच्या घरात डोकावलं त्याला एक रुपया नाही.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये जो मसुदा दिला होता त्यात नोकरीसाठी वेगळं कलम होतं. परिपूर्ण नव्हतं तेही, पण भरती, हजेरी, लाभ, कामाचं मूल्यमापन अशी कारणं नावानिशी लिहिलेली होती आणि "आवश्यक" असेल तरच असा शब्द होता. २०२३ च्या कायद्यात येईपर्यंत आवश्यक हा शब्द गळाला. असे शब्द आपोआप गळत नसतात.

तिकडे युरोपात काय झालं बघा, पुट्टास्वामी निकालानंतर बारा दिवसांनी, ५ सप्टेंबर २०१७ ला, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने बार्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया हा निकाल दिला. रोमानियातला एक इंजिनियर, ग्राहकांशी बोलायला कंपनीच्या सांगण्यावरून याहू मेसेंजरचं खातं उघडलेलं, त्यावर भावाशी आणि होणाऱ्या बायकोशीही बोलला. कंपनीने ४५ पानी प्रिंटआउट समोर ठेवली आणि २००७ मध्ये काढून टाकला. वैयक्तिक वापराला बंदी होती, हे त्याला माहीत होतं, तरीही कोर्ट म्हणालं की मालकाच्या नियमाने नोकरदाराचं खाजगी आयुष्य शून्यावर आणता येत नाही. आधी सांगितलं होतं का, कितपत खोल बघणार हे सांगितलं होतं का, कारण काय, कमी त्रासाचा मार्ग नव्हता का, हे सगळं तपासायला हवं होतं. सहा न्यायाधीश विरोधात होते, अकरा बाजूने, म्हणजे तिथेही हे सोपं नव्हतं. आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या डेटा नियामकाने एका रिअल इस्टेट कंपनीला ४० हजार युरो दंड लावला, तिने नेमकं हेच केलं होतं, माउस-कीबोर्ड थांबला की तो वेळ बिनकामाचा धरायचा आणि स्क्रीनचे फोटो काढत राहायचं. नियामकाने म्हटलं की मीटिंग किंवा फोनवरचं काम यात पकडलंच जात नाही, त्यामुळे हे मोजमापच विश्वासार्ह नाही. आपल्या प्रत्येक टीम लीडला जे माहीत आहे ते तिथे सरकारी आदेशात लिहिलं गेलं.

काही जण म्हणतात न्यूयॉर्कसारखं करा, २०२२ पासून तिथे मालकाने लेखी कळवलं पाहिजे की आम्ही नजर ठेवतोय. मला हे अपुरं वाटतं. आपल्याकडे जॉइनिंगच्या दिवशी चाळीस पानांवर सह्या घेतात, कुणी वाचतं का? कळवलं म्हणजे झालं, असा नियम आला तर एकेचाळिसावं पान वाढेल, बस. पोर्तुगालने २०२१ मध्ये घरून काम करणाऱ्याला कामाच्या वेळात सतत कॅमेऱ्यावर किंवा आवाजावर जोडून ठेवायला सरळ मनाईच केली. हे मला जास्त पटतं. सहीने सुटणार नाही अशी मनाई हवी, कारण नोकरी मागणाऱ्याची सही ही काही मोकळ्या मनाची सही नसते.

आणि हा फक्त लॅपटॉपवाल्यांचा प्रश्न आहे असं समजू नका. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटाला जीपीएसची घड्याळं बांधली, कामगार आपल्या बीटमध्ये आहे की नाही ते साहेबाला स्क्रीनवर दिसायचं, बाहेर गेला तर पगारावर परिणाम व्हायचा. बाथरूममध्येही हे काही बघतं-ऐकतं का, ही बायकांची भीती बातम्यांत येऊन गेली. घरी नेऊन चार्जही त्यांनीच करायचं. हरियाणात २०२१ मध्ये आशा कार्यकर्त्यांनी फोनमध्ये टाकायच्या एका ट्रॅकिंग ॲपला ठाम नकार दिला. पगार जेवढा कमी तेवढी नजर कडक, आणि विरोध मात्र तिथूनच जास्त झाला. आपल्या अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये सरकारी मोबाइल परत नेऊन दिले, कारण वेगळं होतं, फोन निकृष्ट आणि ॲप इंग्रजीत, पण नको ती वस्तू एकजुटीने परत करता येते हे त्यांनी दाखवलं. वीस लाखांचं पॅकेज घेणारा माणूस ग्रुपवर मीम टाकतो आणि गुपचूप घड्याळावर माउस ठेवतो. असं म्हटलं की मित्र चिडतात, चिडू देत.

मला हवंय ते फार क्रांतिकारी नाही. घरून काम करणाऱ्याचा कॅमेरा आणि माइक मीटिंग सोडून बंद, सही घेतली असली तरी बंद. स्क्रीनशॉट घ्यायचा तर विशिष्ट संशय असेल तेव्हा, लेखी कारण नोंदवून, ठरावीक दिवसांपुरता. शिफ्ट संपली की टूलही बंद. माझ्याबद्दलचा प्रत्येक आकडा मला साहेबाच्या आधी दिसला पाहिजे, किमान त्याच वेळी तरी. नुसत्या आयडल टाइमच्या आकड्यावर कुणाची नोकरी, रेटिंग किंवा व्हेरिएबल पे ठरता कामा नये. आणि कलम ७ मध्ये तो गळालेला "आवश्यक" शब्द परत आला पाहिजे, ११ आणि १२ मध्ये नोकरदारही आला पाहिजे. कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले, मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यांनी तिथून १८ महिने दिलेत, म्हणजे २०२७ चा मे उजाडेल. तो वेळ कंपन्यांना तयारीसाठी दिलाय असं म्हणतात, तर नोकरदारांच्या संघटनांनीही तो वापरावा. पुण्यात निटेससारखी आयटीवाल्यांची संघटना आहे, ती नोकरकपातीच्या तक्रारी घेऊन कामगार मंत्रालयापर्यंत जाते, तिने हा विषयही हातात घ्यावा.

हे लगेच होणार नाही हे मलाही कळतं. तोवर एक गोष्ट मात्र क्लायंटकडून मागता येण्यासारखी आहे. युरोपातल्या मोठ्या कंपन्या व्हेंडरच्या काँट्रॅक्टमध्ये बालमजुरी नको, किमान वेतन हवं, पर्यावरणाचे नियम पाळा असली कलमं घालतात, दरवर्षी ऑडिटला माणूस पाठवतात, ऑडिटच्या आठवड्यात आपल्या ऑफिसात नवीन फायर एक्स्टिंग्विशर येतात हे सगळ्यांनी बघितलंय. त्याच यादीत एक ओळ टाका, की आमच्या देशात आमच्या माणसावर जी पाळत ठेवायला आम्हाला परवानगी नाही ती तुम्ही आमच्या कामासाठी तुमच्या माणसावर ठेवायची नाही. क्लायंटला यात खर्च काही नाही. व्हेंडर कुरकुर करेल, मग करेल. सध्या होतं ते बरोबर उलटं आहे, "क्लायंटची रिक्वायरमेंट" म्हणून कॅमेरा लावायला सांगतात आणि ती रिक्वायरमेंट ज्या काँट्रॅक्टमध्ये लिहिली आहे असं म्हणतात ते ज्याच्या घरात कॅमेरा लागतो त्याला कधीच बघायला मिळत नाही. एचआरने पुढच्या वेळी हे वाक्य टाकलं की एवढंच म्हणा, ते कलम तेवढं मेल करा.